मादी सापडेपर्यंत कापणी नको

आग्नेय ओहायोतल्या टेकड्यांवरून उच्च दाबाच्या तारा जातात. त्यांच्या खालचा चाळीस-पन्नास मीटर रुंदीचा पट्टा सतत मोकळा ठेवावा लागतो. इथे हा विषय कुणी हलक्यात घेत नाही. 14 ऑगस्ट 2003 ला याच राज्याच्या उत्तर भागात वाढलेल्या झाडांना तारा टेकल्या, एकामागून एक लाइन बंद पडत गेली आणि अमेरिका-कॅनडातल्या सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली. त्यामुळे कापणी होणारच. माझं काम तिच्या आधीचं. पट्ट्यात कोणत्या पक्ष्यांची घरटी आहेत ते पाहायचं, पुराव्यानिशी लिहून द्यायचं आणि कुठे थांबायचं ते सांगायचं.

कापणी शक्यतो उन्हाळा सरल्यावर करतात. हा एक भाग वेळापत्रकात मागे पडला होता, म्हणून जूनच्या मध्यालाच यंत्रं आली. दुपारपर्यंत माझा लेखी निर्णय हवा होता. सोबत उन्हाळ्यापुरती कामाला आलेली सांगलीची एक विद्यार्थिनी होती. इथल्या विद्यापीठात ती पर्यावरणशास्त्र शिकते.

गाडीतून उतरायच्या आधीच आवाज आला. उंच, खणखणीत, आणि प्रत्येक सूर दोनदा: ची-ची, च्यू-च्यू, स्वीट-स्वीट, मग जरा खाली उतरून पुन्हा जोडी. इंडिगो बंटिंग या निळ्या पक्ष्याचा नर. गोल्डफिंचची बडबडही जवळपास याच सुरांत चालते, पण त्यात ही जोड्यांची शिस्त नसते. हा पक्षी मी नेहमी आधी कानाने पकडते. बाकीचे पक्षी दहा वाजता गप्प होतात, हा मात्र भर उन्हात, थेट ऑगस्टपर्यंत गात राहतो. तरुण नर हे गाणं बापाकडून शिकत नाही. पहिल्या विणीच्या हंगामात जिथे जागा मिळेल तिथल्या शेजारी नरांचं ऐकून तो आपलं गाणं बसवतो. म्हणून एका टेकडीवरच्या नरांच्या गाण्यात सारखेपणा असतो आणि पलीकडच्या टेकडीवर ते बदलतं.

"ताई, हा तर काळा आहे," दुर्बिणीला डोळे लावून ती म्हणाली.

वाळक्या फांदीच्या टोकावर बसलेला पक्षी खरंच काळा दिसत होता. सूर्य त्याच्या मागे होता. मी तिला हाताला धरून तारांच्या मनोऱ्याच्या पलीकडे नेलं, सूर्य आमच्या पाठीशी येईल अशा जागी. तिने पुन्हा दुर्बीण लावली आणि काही क्षण बोललीच नाही.

या पक्ष्याच्या पिसात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या तंतूंमध्ये केराटिन हे प्रथिन आणि हवा यांची अतिसूक्ष्म रचना असते. तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला निळा भाग परत फेकला जातो आणि बाकीचा खालच्या काळ्या द्रव्यात मुरतो. पीस कुटून पूड केली तर निळं काहीच उरत नाही. डोक्यावर गडद जांभळट निळा, पाठीवर जरा उजळ, पंखांच्या कडा काळसर, आणि हे सगळं जेमतेम 14-15 ग्रॅम वजनाच्या जिवावर. नीलकंठाच्या पंखांचा निळाही असाच रचनेतून येतो, हे सांगितल्यावर तिला ते लगेच पटलं.

फोटो काढताना हा निळा फार त्रास देतो. थेट उन्हात कॅमेऱ्याची निळी वाहिनी आधी भरून जाते, पिसांचा पोत नाहीसा होतो आणि पडद्यावर नुसता निळा ठिपका उरतो. कॅमेरा दाखवतो त्या प्रकाशाच्या एकत्रित आलेखात (हिस्टोग्राम) ते कळत नाही, म्हणून मी लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे आलेख पाहते आणि एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली ठेवते. मागे नुसतं आकाश असेल तर मी बटणच दाबत नाही. पाठीमागे हिरवी टेकडी येईपर्यंत वाट पाहिलेली बरी. गाणं वाजवून नराला जवळ बोलावणारे फोटोग्राफर मी पाहिले आहेत, आणि मला ते अजिबात मान्य नाही. जूनमध्ये त्याचा एकेक तास हद्द राखण्यात जातो. नसलेल्या शत्रूशी भांडायला त्याला का लावायचं?

नराचे फोटो अर्ध्या तासात झाले. चोच मध्यम आणि शंकूसारखी, पंखांवर तांबूस पट्टे नाहीत, म्हणून ब्लू ग्रोसबीक नव्हे. छाती तांबूस नाही, म्हणून ब्लूबर्ड नव्हे. ओळख पक्की झाली, पण माझ्या कामाला ती पुरेशी नव्हती. गाणारा नर एवढंच सांगतो की ही जागा त्याला आवडली आहे. घरटं आहे की नाही, हे मादीच सांगते. घरटं ती एकटी बांधते, अंडी ती एकटी उबवते, आणि पिल्लांना भरवण्याचं जवळजवळ सगळं कामही तिचंच. ती तपकिरी असते. नुसती तपकिरी.

मुकादम तोवर दोनदा येऊन गेला होता. माणूस भला, पण ताशी भाड्याची यंत्रं उभी होती. त्याने स्वतःच्या फोनवर काढलेला नराचा फोटो मला कौतुकाने दाखवला आणि विचारलं, निळा पक्षी दिसला, आता अडचण काय? मी म्हटलं, दुसरा पक्षी दिसायचा आहे.

कायद्याच्या जोरावर त्याला थांबवता आलं असतं, असं वाटेल. 1918 चा स्थलांतरित पक्षी करार कायदा या पक्ष्याला, त्याच्या अंड्यांना आणि पिल्लांना संरक्षण देतो. पण दुसऱ्याच कामाच्या ओघात, हेतू नसताना पक्षी मेले तर तो गुन्हा ठरतो का, याचा अर्थ गेल्या काही वर्षांत सरकारागणिक बदलत आला आहे. त्यामुळे प्रत्यक्ष जागेवर उभ्या असलेल्या माझ्यासारखीचा खरा आधार म्हणजे वाद घालता येणार नाही असा फोटो.

गाडी आम्ही ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीपासून लांब लावली आणि काचा खाली करून आत बसलो. पायी फिरणाऱ्या माणसाला पक्षी भितात, तेवढे उभ्या गाडीला भीत नाहीत. या पक्ष्याचं घरटं बहुधा जमिनीपासून हातभर-दोन हात उंचीवर असतं. झुडपात शिरून शोधलं तर सापडतंही, पण माणसाने पाडलेल्या वाटेने साप आणि रकून मागाहून येतात. काउबर्डची मादी तर टपलेलीच असते आपलं ठिपकेदार अंडं इतरांच्या घरट्यात घालायला. घरट्याचा फोटो मला नकोच होता.

बऱ्याच वेळाने तीक्ष्ण 'चिप' ऐकू आलं. सुमाकच्या फांदीवर एक तपकिरी पक्षी शेपूट डावी-उजवीकडे झटकत बसला होता. ही शेपटीची हालचाल पाहिली की मी बाकीच्या खुणा तपासायला घेते. गळा पांढुरका, छातीवर पुसट रेघा. साँग स्पॅरोच्या छातीवरच्या रेघा ठळक असतात आणि मधोमध गडद डाग असतो, तो इथे नव्हता. फील्ड स्पॅरोची चोच गुलाबी, हिची वर गडद आणि खाली फिकट. शेपटीच्या कडेला निळ्याची अगदी बारीक झाक.

"चोचीत काहीतरी आहे," ती कुजबुजली.

हिरवी अळी होती, मोठी. पक्षी स्वतःसाठी अळी पकडतो तेव्हा जागेवरच गिळतो. चोचीत धरून इकडेतिकडे पाहत बसतो, तेव्हा जवळ भुकेली तोंडं असतात. मादी खाली उतरली, दिसेनाशी झाली, रिकाम्या चोचीने वर आली, आणि थोड्या वेळाने पुन्हा भरल्या चोचीने त्याच ठिकाणी गेली. प्रजननाच्या नोंदींत अन्न वाहून नेणं हा पक्का पुरावा धरतात. अळी, चोच, पुसट रेघा आणि शेपटीची निळी झाक एकाच चित्रात येईल असा फोटो मला तिसऱ्या फेरीत मिळाला. पट्ट्याच्या पुढच्या टोकाला आणखी एक मादी चोचीत चारा घेऊन दिसली.

मुकादमाला कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते दाखवलं. त्याने खूप वेळ पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे मी चिमणी म्हणून हिलाच चिरडलं असतं."

मग त्याने विचारलं, पिल्लं उडायला किती दिवस? अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण 9 ते 12. पण तेवढ्याने भागत नाही. मादी बहुतेकदा दुसरी वीण घालते, आणि उडालेली पिल्लंही पुढे याच झुडपांत वाढतात. शिवाय त्यांना इथे आणखी एक गोष्ट शिकायची असते. हे पक्षी दक्षिणेला रात्री प्रवास करतात. 1960 च्या दशकात स्टीफन एम्लेन यांनी मिशिगनमधल्या फ्लिंटच्या तारांगणात इंडिगो बंटिंगवर प्रयोग केले. तळाशी शाई आणि कडेने शोषककागदाचं नरसाळं अशा पिंजऱ्यात पक्षी ठेवले, आणि त्यांच्या पायांच्या ठशांवरून ते कुठल्या दिशेने उड्या मारतात ते पाहिलं. पुढे त्यांनी काही पिल्लांना ध्रुवताऱ्याऐवजी मृग नक्षत्रातल्या काक्षी या ताऱ्याभोवती फिरणारं आकाश दाखवलं. शरद ऋतू आल्यावर ती पिल्लं काक्षीलाच उत्तर दिशा मानून त्याच्या उलट दिशेला जाऊ लागली. दिशा जन्मजात मिळत नाही, आकाश कशाभोवती फिरतं हे पाहून पिल्लू ती पहिल्या उन्हाळ्यात शिकतं. हे मी त्याला यंत्राच्या चाकाला टेकून सांगितलं आणि त्याने मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

अहवालात मी लिहिलं: संपूर्ण भागाची यांत्रिक कापणी सप्टेंबर अखेरीपर्यंत थांबवावी, तारांच्या दिशेने वाढलेली मोजकी झाडं हातकरवतीने काढावीत, काटेरी जाळ्यांना हात लावू नये. ते मान्य झालं. सोबत आणखी एक मागणी जोडली, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. हा पक्षी दाट जंगलात राहत नाही. कापणी पूर्ण बंद केली तर काही वर्षांत इथे जंगल उभं राहील आणि तो निघून जाईल. त्याला हवी असतात तीन-चार वर्षांची दाट झुडपं. म्हणून पट्टा एकाच वेळी साफ न करता त्याचे भाग पाडावेत आणि दरवर्षी एकेक भाग कापावा, तोही हिवाळ्यात. दोन भागांसाठी हे स्वीकारलं गेलं आहे. उरलेल्यांसाठी खर्चाचे आकडे मागितले आहेत, ते मी जमवते आहे.