पहाटे साडेपाचची लढाई

मॅसॅच्युसेट्समध्ये दिवाळीला साधी फुलबाजी लावायचीही सोय नाही. परवाना काढून केलेले आतषबाजीचे जाहीर कार्यक्रम सोडले, तर फटाके विकणं, जवळ बाळगणं, उडवणं सगळंच इथे कायद्याने बंद. त्यामुळे लक्ष्मीपूजनाला आम्ही पणत्या लावतो, फराळ करतो आणि शहाण्यासारखे झोपतो. पण याच राज्यात, आमच्या लेक्सिंग्टन गावात, एप्रिलमधल्या तिसऱ्या सोमवारी पहाटे साडेपाचला भर गावात दोन पलटणी एकमेकींवर ठासणीच्या बंदुका झाडतात. त्याबद्दल कुरकुर करणारा माणूस मात्र अरसिक ठरतो.

हा दिवस म्हणजे पेट्रियट्स डे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली लढाई आमच्या गावात झाली, तिची ही आठवण. आपल्याकडे बातम्यांत दिसते ती बॉस्टन मॅरेथॉन याच दिवशी असते. लेक्सिंग्टन बॉस्टनपासून साधारण १८ किलोमीटरवर. शाळा चांगल्या म्हणून देशी मंडळी इथे भरपूर, आम्हीही त्यातलेच. घर घेताना एजंटने बॅटल ग्रीन हे मैदान चालत दहा मिनिटांवर आहे असं मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. तिथे दरवर्षी नेमकं काय होतं आणि किती वाजता होतं, ते आम्हाला एप्रिलमध्ये कळलं.

आवाज एका पहाटेपुरता असता तर कोणी काही म्हणालं नसतं. आधी रंगीत तालीम होते. मग शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात बंदुकांची प्रात्यक्षिकं. फाइफ म्हणून एक छोटी, कानात घुसणारी बासरी असते. ती आणि ड्रम यांचा सराव तर थंडी ओसरायला लागली की सुरूच. सोमवारी दुपारी परेड. खुद्द पहाटेचा क्रम असा: अंधारात घंटा वाजते, दवंडी देणारा घोडेस्वार येतो, ड्रम वाजतो आणि मग बार. गोळी नसते, नुसती बंदुकीची दारू. तरी सगळ्या पलटणीने एकदम बार काढला की खिडकीच्या काचा थरथरतात. आमचा कुत्रा बाथटबमध्ये जाऊन बसतो आणि नाश्त्यापर्यंत बाहेर येत नाही.

मूळ प्रसंग तसा छोटा. १९ एप्रिल १७७५. शेजारच्या काँकॉर्ड गावी वसाहतीतल्या लोकांनी लपवलेला शस्त्रसाठा जप्त करायला बॉस्टनहून सुमारे ७०० ब्रिटिश शिपाई रातोरात निघाले. वाटेत लेक्सिंग्टनच्या मैदानावर कॅप्टन जॉन पार्कर ७७ गावकरी घेऊन उभा होता. शेतकरी, कारागीर, बापलेक, चुलत-मावस भाऊ, आणि प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा एक गुलामही. समोरचं सैन्य बघून पार्करने पांगायला सांगितलं. तेवढ्यात कुठून तरी एक गोळी सुटली. कोणाची, ते आजवर ठरलेलं नाही. मग ब्रिटिशांनी सरबत्ती केली, संगिनी पुढे केल्या. गावचे आठ मेले, दहा जखमी झाले. एस्टाब्रुक जखमींत होता. ब्रिटिशांनी विजयाचा बार काढला, तीनदा जयघोष केला आणि ते काँकॉर्डकडे चालू लागले.

तिथे आणि परतीच्या वाटेवर त्यांचे जे हाल झाले तो मोठा इतिहास. दिवस संपेपर्यंत त्यांचे ७३ ठार झाले होते. पण आमच्या गावात दरवर्षी उभा केला जातो तो फक्त सकाळचा पराभव.

यावरून आमच्या गल्लीत दोन तट आहेत. समोर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाईंना हा प्रकार अजिबात मान्य नाही. त्या म्हणतात, आमच्या शाळांत पहिलीच्या मुलांना लॉकडाउन ड्रिल करायला लावतात. बंदूकवाला शिरला तर दिवे घालवून कोपऱ्यात गप्प कसं बसायचं ते शिकवतात. आणि त्याच मुलांना पहाटे उठवून, हातात हॉट चॉकलेट देऊन, माणसं गोळ्या लागून पडतात ती मजा बघायला न्यायचं? याला उत्तर देणं सोपं नाही. माझी मुलगी दुसरीत असताना पहिल्या बाराला दचकून माझ्या जॅकेटमध्ये शिरली होती, तेव्हा मला बाईंचंच म्हणणं आठवलं.

दुसऱ्या तटाचा म्होरक्या आमच्या कडेचा शेजारी, पेशाने सुतार. तो गावाच्या मिनिटमेन कंपनीत आहे, म्हणजे ही लढाई दरवर्षी उभी करणाऱ्या हौशी पलटणीत. या कंपनीत नुसता गणवेश चढवून भागत नाही. प्रत्येकाने १७७५ च्या त्या ७७ जणांपैकी एक खराखुरा माणूस घ्यायचा, त्याचं घर कुठे होतं, जमीन किती, बायको-मुलं कोण, पुढे त्याचं काय झालं हे सगळं शोधायचं आणि मग तो म्हणून उभं राहायचं. मार्चच्या शेवटी तो गॅरेजमध्ये काडतुसं वळत बसतो. लाकडी दांडक्याभोवती कागदाची सुरळी करायची, एक टोक दोऱ्याने बांधायचं, मोजून दारू ओतायची आणि वरचं टोक पिरगाळून दुमडायचं. लढाईत हे टोक दाताने फाडायचं असतं. मी विचारलं, तोंडात दारू जात नाही का? तो म्हणाला, जाते, आणि दिवसभर पाण्याची तहान लागते, कारण दारूत सोरा असतो. तेव्हाच्या माणसांनाही लागली असणार. पाऊस असला की निम्म्या बंदुकांची चकमक नुसती पडते, बार निघत नाही. हे त्याला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

यात गंमत अशी, की सरकारी इतिहासखातं बाईंच्या बाजूचं आहे. काँकॉर्डला जिथे चकमक झाली तो पूल आणि तिथपर्यंतचा जुना रस्ता नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात आहे, आणि त्यांच्या कुठल्याही जागेवर लुटुपुटीची लढाई करायला सक्त मनाई आहे. बंदूक कशी भरत, रांग कशी धरत ते दाखवा, हवेत बार काढा. पण समोरासमोर उभं राहून एकमेकांवर झाडायचं नाही आणि मेल्याचं सोंग करायचं नाही. लेक्सिंग्टनचं मैदान गावाच्या मालकीचं, म्हणून इथे माणसं पडतात आणि दोन-तीन कोसांवरच्या काँकॉर्डला पडत नाहीत.

पार्कवाल्यांचं धोरण मला एरवी पटतं. हजारो माणसं जिथे मेली तिथे शनिवारी दुपारी खुर्च्या टाकून तीच मारामारी बघणं मला जमणार नाही. लेक्सिंग्टनच्या बाबतीत मात्र मी सुताराच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे एक चित्र. खरं तर दोन चित्रं.

लढाईनंतर काही आठवड्यांतच एमॉस डूलिटल नावाचा, चित्रं कोरून छापणारा कारागीर इथे येऊन जागा बघून गेला. त्याने १७७५ मध्येच छापलेल्या चित्रात गावकरी पळताना दिसतात, प्रतिकार असा दिसतच नाही. तेव्हा तेच सोयीचं होतं. आम्ही निरपराध, मारलं त्यांनी, हे लंडनला दाखवायचं होतं. तशा शपथपत्रांची चळत तातडीने तिकडे रवानाही झाली होती. पन्नासेक वर्षांनी हवा फिरली. पहिला प्रतिकार आमचा की तुमचा यावरून लेक्सिंग्टन आणि काँकॉर्डची चांगलीच जुंपली. मग लेक्सिंग्टनकरांनी हयात असलेल्या म्हाताऱ्यांच्या नव्या साक्षी घेतल्या. त्यात ‘आम्हीही गोळ्या झाडल्या होत्या’ असं निघालं, आणि १८२५ मध्ये ते पुस्तकरूपाने छापलंसुद्धा. १८८६ मध्ये हेन्री सँडहॅमने भलंमोठं तैलचित्र काढलं. त्यात गावकरी छाती काढून लढतायत, पळायला कोणाला सवडच नाही.

मैदानावर आज जे करतात ते सँडहॅमपेक्षा डूलिटलच्या जवळ आहे. काही मिनिटांचा गोंधळ. कोण ओरडतंय कळत नाही, धुराने समोरचं दिसत नाही, एक-दोन बार गावकऱ्यांकडून होतात आणि बाकीचे पाठ फिरवून धावत सुटतात. धूर विरतो तोवर बायका घरांतून धावत येऊन पडलेल्यांना उलथं करून बघायला लागलेल्या असतात. आपला पराभव, आणि तोही पळापळीसकट, गावाने दरवर्षी स्वतःच्या मैदानावर करून दाखवायचा याला मी मान देते. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मग बंदुकांशिवाय करा.” त्यावर सुताराचं म्हणणं, त्या गोंधळाचं कारणच आवाज आणि धूर, ते काढले तर उरेल तो कवायतीचा कार्यक्रम. मला तेच वाटतं, फक्त माझ्या मुलीला आता कानात बोळे घालून नेते.

२०२५ मध्ये या लढाईला २५० वर्षं झाली. आई-बाबा तेव्हा आमच्याकडे होते. १९ एप्रिल शनिवारी आला होता, म्हणून त्या वर्षी सोमवारची वाट न बघता त्याच तारखेला केलं. इथे पुढचं दिसावं म्हणून लोक घरची ॲल्युमिनियमची शिडी घेऊन येतात. बाबांना आम्ही तिच्या दुसऱ्या पायरीवर उभं केलं, मफलर, कानटोपी वगैरे जामानिम्यासकट. बाबा तळेगाव दाभाड्याचे. परत येताना म्हणाले, “अगं, याच साली यांचं आपल्याशीही सुरू झालं की. राघोबादादा सुरतेला यांना जाऊन मिळाले तो हाच काळ.” घरी येऊन बघितलं. अडासची लढाई १८ मे १७७५ ची. लेक्सिंग्टननंतर बरोबर २९ दिवसांनी ईस्ट इंडिया कंपनीचे टोपीकर गुजरातेत मराठ्यांचे सेनापती हरिपंत फडके यांच्याशी लढत होते.

मग बाबा सुटलेच. जानेवारी १७७९, पुण्यावर चालून आलेले इंग्रज तळेगावात अडकले, जड तोफा तळ्यात ढकलून रात्री मागे फिरले आणि वडगावला त्यांना तह करावा लागला. “आपण तर जिंकलो होतो,” बाबा म्हणाले, “आणि वडगावला पोरं जातात ती मिसळ खायला. हे लोक हरल्याचा एवढा सोहळा करतात!” मी म्हटलं, करू या की तळेगावातही, रात्री बारा वाजता, बंदुकांसकट. यावर आई म्हणाली, “नको, आमच्या सोसायटीत सगळे बीपीवाले आहेत.”

बाईंना हा संवाद मी ऐकवला. आईचं मत त्यांना इतकं आवडलं की आता त्या तिला माझ्यामार्फत ईस्टरची कार्डं पाठवतात. येत्या एप्रिलला त्या मेन राज्यात बहिणीकडे जाणार आहेत आणि आमच्या कुत्र्यालाही बरोबर नेणार आहेत. तुमच्यापैकी कोणी तेव्हा इकडे येणार असेल तर आमच्याकडे उतरा. चारच्या आत मैदानावर पोचावं लागतं, थंडी असते, आणि शिडी आमच्याकडे एकच आहे.