तुम्ही विचारलंत म्हणून : इतकं देखणं इटालिक आतल्या मजकुराला का नाही?

पुस्तकांची मांडणी करणाऱ्याला हा प्रश्न हमखास येतो, मला तर फारच. मुखपृष्ठावर मोठ्या आकारात रोमन लिपीतलं एखादं डौलदार इटालिक, म्हणजे हस्ताक्षरासारखं तिरकं वळण, लावलेलं असतं. जाड रेघ भरदार, बारीक रेघ केसासारखी. ते बघून लोक खूश होतात आणि लगेच म्हणतात, "मग आतला मजकूरही यातच घ्या ना!"

मी नाही म्हणतो, ते त्या बारीक रेघेसाठी.

पूर्वी अख्खी पुस्तकं इटालिकमध्ये निघत, हे खरं आहे. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्डस मानुशियस या मुद्रकाने रोमन कवी व्हर्जिलची हातात मावेल अशी आवृत्ती छापली, ती इटालिकमध्येच. खिळ्यांचं, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचं, वळण फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरलेलं. पण ते अक्षर रुंद टोकाच्या लेखणीतून आलेलं. त्यात जाड आणि बारीक यांचं अंतर बेताचंच होतं. अठराव्या शतकात टोकदार टाक आणि तांब्याच्या पत्र्यावरचं कोरीवकाम यांनी हाताचं वळणच बदललं. दाब दिला की रेघ फुगते, हात हलका केला की तंतूसारखी होते. इंग्लिश मुद्रक बास्करव्हिलने १७५७ मध्ये पुन्हा व्हर्जिलच छापला, तेव्हा त्याच्याकडे गुळगुळीत कागद होता आणि छापलेली पानं तो गरम पत्र्यांमध्ये दाबून घेत असे. एवढा सरंजाम असेल तरच नाजूक रेघ कागदावर नीट उतरते. शतक संपता संपता पॅरिसमध्ये दिदो आणि इटलीतल्या पार्म्यात बोदोनी या मुद्रकांनी जाड-बारीक हा फरक टोकाला नेला. आज मोठ्या मथळ्यांमध्ये दिसणारी ही इटालिकं बहुतेक त्याच कुळातली.

आता जरा जवळून बघू. रोमन लिपीतला छोटा 'एन' (n) सरळ वळणात घ्या. दोन खांब, वर एक कमान. कमान थोडी फिकी झाली तरी खांब सेरिफवर, म्हणजे टोकाच्या छोट्या आडव्या पायावर, उभे राहतात, अक्षर ओळखू येतं. इटालिकमध्ये पहिला खांब खाली टेकतो, त्याच्या अंगातून एक बारीक रेघ तिरकी वर निघते आणि दुसऱ्या खांबाला जन्म देते. तो खांब संपताना पुन्हा तसाच एक तंतू पुढच्या अक्षराकडे झेपावतो. या जातीच्या अक्षराला गती देते ती ही बारीक रेघ. जाड खांब फक्त ठेका धरतात. म्हणून रेघ गेली की नुसता डौल जात नाही, अक्षरच जातं. इंग्रजी 'मिनिमम' (minimum) हा शब्द या इटालिकमध्ये लावून लहान करत जा. तंतू विरले की उरतात पंधरा तिरक्या काड्या, एकीसारखी दुसरी.

हिशेबच मांडायचा तर समजा, बारीक रेघ अक्षराच्या आकाराच्या शंभराव्या भागाइतकी आहे. ७२ पॉइंट (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) आकाराला ती साधारण पाव मिलिमीटर भरते, म्हणजे सुबक, ठाम रेघ. १० पॉइंटला तीच ०.०३५ मिलिमीटर. छपाईत ती मधेमधे तुटते. साध्या पडद्यावर एक पिक्सेलही पुरा भरत नाही, म्हणून करडी होऊन बसते.

हे अक्षर मी कुठे लावतो हे यावरूनच ठरतं. मासिकाचा मथळा, मुखपृष्ठ, अत्तराच्या बाटलीवरचं नाव, मैफलीचं पोस्टर, लेखातून उचलून मोठं केलेलं एखादं वाक्य. शब्द थोडे, जागा भरपूर. अँपरसँड (&) आणि आकडे तर या वळणात इतके खुलतात की कधी कधी मी सगळा मथळा सरळ ठेवून तेवढंच चिन्ह इटालिक घेतो. औषधाचं लेबल, फॉर्म, दिशादर्शक पाट्या इथे ते नको.

छापायला देताना दोन गोष्टींवर मी अडून बसतो. एक, ही अक्षरं एकाच शाईत, भरीव रंगात जावीत. चार रंगांच्या मिश्रणातून केली आणि एखादा रंग केसभर सरकला, तर आधी बारीक रेघेलाच झालर दिसते. दुसरं, गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर हवं असेल तर आकार वाढवा, कारण आजूबाजूची शाई पसरून रेघ गिळते.

यावर नेहमीची सूचना असते, "मग बारीक रेघा जरा जाड करून द्या." सॉफ्टवेअरमध्ये अक्षराला सगळीकडून बाह्यरेषा चढवून तसं करता येतं, पण मग खांबही फुगतात, पोकळ्या बुजतात आणि अक्षर सुजल्यासारखं दिसतं. खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचं अक्षर वेगळं कोरत. लहान आकाराला बारीक रेघ मुळातच जाड आणि अक्षरांमधली जागा मोकळी ठेवत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'हार्पर्स बझार' या फॅशन मासिकासाठी अक्षररचनाकार जोनाथन हॉफ्लरने दिदो वळणाचा फॉन्ट केला, तेव्हा त्यानेही निरनिराळ्या आकारांसाठी वेगवेगळी रेखाटनं केली होती. तुमच्या फॉन्टच्या कुटुंबात 'टेक्स्ट' किंवा 'कॅप्शन' नावाचा भाऊ असेल, तर लहान अक्षरासाठी तोच घ्या. नसेल तर मजकुराला कमी कॉन्ट्रास्टचा, म्हणजे जाड-बारीक फरक कमी असलेला, शांत सेरिफ फॉन्ट लावा आणि हे इटालिक मथळ्यापुरतं राहू द्या.