घरातली खिडकी आणि परडीतली फुले : आमची वाटचाल

नागपुरातल्या आमच्या राहत्या घरी, उत्तरेकडच्या खोलीत, आम्ही फुलांची आणि रोजच्या वापरातल्या वस्तूंची छायाचित्रे काढतो आणि त्यांच्या छापील प्रती घरे, दवाखाने व कार्यालये यांच्या भिंतींसाठी तयार करून देतो. लोणची, मसाले, साबण, मातीची भांडी असे घरगुती उत्पादन करणाऱ्यांच्या मालाची छायाचित्रेही याच खोलीत होतात. मी आणि माझ्या जाऊबाई अशा दोघींनी सुरू केलेला हा व्यवसाय आजही दोघींच्याच हाती आहे. छपाई आणि हिशेब त्या पाहतात, मांडणी आणि कॅमेरा माझ्याकडे असतो. काम वाढल्यावर स्वतंत्र स्टुडिओ घ्यावा असे अनेकांनी सुचवले, पण ज्या उजेडावर आणि ज्या भांड्याकुंड्यांवर हे काम उभे आहे ती सारी याच घरात असल्याने आम्ही घर सोडले नाही.

हा व्यवसाय सुरू करण्याआधी मी शाळेत चित्रकला शिकवत असे. आपल्याकडे स्थिरचित्राशी बहुतेकांची ओळख होते ती इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेत, टेबलावर मांडलेल्या फळे-भांड्यांसमोर बसून, आणि परीक्षा संपली की ती ओळखही संपते. माझी संपली नाही. छायाचित्रणाचा आरंभच मुळी स्थिरचित्राच्या सोबतीने झाला, हे कळल्यावर तर माझा कल निश्चित झाला. फ्रान्समध्ये छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या दागेर यांनी १८३७ साली आपल्या पद्धतीने टिपलेल्या चित्रात प्लास्टरच्या मूर्ती आणि वेताने मढवलेली बाटली आहे, कारण छायाचित्र उमटायला त्या काळी लागणाऱ्या दीर्घ वेळात न हलता थांबणे वस्तूंनाच शक्य होते. अमेरिकेतल्या छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅम यांनी १९२०च्या दशकात, घरात लहान मुले असल्याने फार बाहेर पडता येत नसताना, आपल्या बागेतल्या वनस्पती टिपल्या. त्यांचे मॅग्नोलियाच्या फुलाचे १९२५ सालचे चित्र आजही जगभर पाहिले जाते. तिथलेच छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. घर सांभाळून हे काम पूर्ण गांभीर्याने करता येते, हा विश्वास आम्हा दोघींना या उदाहरणांनी दिला.

उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, म्हणून तिथला उजेड दिवसभर सारखा असतो, असे परदेशी पुस्तकांत लिहिलेले असते. ते युरोपात बहुतांशी खरे आहे. नागपूर मात्र साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळी तर उत्तरेच्या खिडकीतून तिरपे ऊन चक्क टेबलावर उतरते. अशा वेळी आम्ही खिडकीवर धुऊन मऊ झालेल्या पांढऱ्या मलमलीचा पडदा ताणून लावतो. पडदा पांढराच हवा, कारण कापडाच्या रंगाची छटा थेट फुलांवर येते. समोरच्या घराच्या पिवळ्या भिंतीवरून परतणारा उजेडही अशीच छटा देतो, म्हणून प्रत्येक मांडणीत पहिले छायाचित्र राखाडी कार्डाचे (रंग जुळवण्यासाठीच्या, कोणतीही छटा नसलेल्या करड्या पुठ्ठ्याचे) घेतो आणि पुढच्या सर्व चित्रांचा रंग त्यावरून जुळवतो. वस्तू खिडकीजवळ ठेवली की सावल्या मऊ पडतात आणि मागची भिंत आपोआप काळोखात जाते. वस्तू जसजशी दूर न्यावी तसतशा सावल्या कडक होतात आणि भिंत उजळ दिसू लागते. आमच्या मते वर्षातला सर्वांत सुंदर उजेड पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांचा, आणि मोठी कामे आम्ही शक्यतो त्याच दिवसांसाठी राखून ठेवतो.

भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि विदर्भातल्या जुन्या घरांत तिथली भांडी हमखास सापडतात. आमच्या सासूबाईंचा लोटाही भंडाऱ्याचाच. पितळेचे छायाचित्र काढणे म्हणजे खरे पाहता त्यात उमटणाऱ्या खोलीचे छायाचित्र काढणे होय. चिंचेने लख्ख घासलेल्या लोट्याच्या पोटात खिडकी, कॅमेरा, तिपाई आणि मी, सारे दिसते. म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूने काळे कापड टांगून त्यात केवळ भिंगापुरते छिद्र ठेवावे लागते. मग लोट्याच्या एका कडेला खिडकीची उभी, पांढरी पट्टी उरते, दुसऱ्या कडेला थर्माकोलच्या तुकड्याने दिलेला मंद उजेड येतो आणि मधला काळोख त्याला गोलाई देतो. ती पट्टी पूर्ण काढून टाकली तर पितळ मातीसारखे दिसते. लोटा घासल्यावर एखादा दिवस तसाच राहू दिला तर झळाळी थोडी खाली बसते, आणि मला तोच रंग अधिक आवडतो.

फुले आम्ही सीताबर्डीच्या नेताजी मार्केटमधून भल्या सकाळी आणतो. आपल्याकडे झेंडू, शेवंती, मोगरा ही फुले मुख्यतः हारांसाठी आणि पूजेसाठी देठाविना, सुटी, वजनावर विकली जातात. फुलदाणीला लागणारी दांडीची फुले वेगळी आणि महाग. आम्ही सुट्या फुलांवरच भर दिला. परडी, तबक, सूप, पंचपात्री, पोह्यांची बशी यांत सुटी फुले जशी आपल्या घरांत रोज दिसतात तशीच ती आमच्या चित्रांत असतात, आणि ग्राहकांना ती आपल्या घरची वाटतात. जास्वंद पाण्याविनाही दिवसभर उमललेली राहते, पण संध्याकाळी मिटते; पारिजातकासाठी पहाटेच तयारीत असावे लागते; निशिगंधाची दांडी खालून वर उमलत जाते, त्यामुळे तिच्यासोबत बरेच दिवस काम करता येते. भिंगाचे छिद्र बारीक आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, कमी ठेवल्याने आमचा शटर अनेकदा एक-दोन सेकंद उघडा असतो. त्या वेळी पंखा किंवा कूलर चालू असेल तर पाकळी हलते आणि चित्र बिघडते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात दोन्ही बंद करून काम करणे कठीण असते, म्हणून एप्रिल-मेमध्ये आम्ही सकाळी आठच्या आत काम आटोपतो. प्लास्टिकची किंवा कापडी फुले मात्र आम्ही वापरत नाही, ग्राहकाने आग्रह धरला तरीही नाही.

छपाई आम्ही सुती कागदावर पिगमेंट शाईने करतो. बारा बाय अठरा इंचांची प्रत इंचाला तीनशे बिंदूंनी छापायची तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल, म्हणजे सुमारे १९ मेगापिक्सेल लागतात. त्यामुळे फार महागड्या कॅमेऱ्याची गरज आम्हाला भासली नाही. चांगली तिपाई आणि चांगले भिंग यांवर केलेला खर्च अधिक उपयोगी ठरला.

एका व्यावसायिकासाठी काढलेली छायाचित्रे पुढे आम्हाला न विचारता भलत्याच जाहिरातीत वापरली गेली, तेव्हापासून प्रत्येक काम लेखी करारानेच घेतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा ग्राहक असतो. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने हे कलम आधी समजून घ्यावे, असे मी आवर्जून सांगते. आमच्या करारात हक्क आमच्याकडे राहतो आणि ग्राहकाला वापराची मुदत व जागा स्पष्ट लिहून दिली जाते.

सध्या आम्ही विदर्भातल्या फुलांच्या दिनदर्शिकेवर काम करत आहोत. फाल्गुनातला पळस आणि वैशाखातला बहावा टिपून झाला आहे. बहाव्याचे घोस लोंबते असल्याने त्यासाठी टेबलाऐवजी वर आडवी काठी बांधून मांडणी करावी लागली. संत्र्याच्या पांढऱ्या फुलांची डहाळी अजून बाकी आहे. ती आंबिया बहाराच्या, म्हणजे संत्र्याच्या हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याच्या वेळी, काटोलकडच्या बागेतून मिळेल.