आभाळातला तुटलेला ळ

मंगळवार, रात्री साडेअकरा

अखेर आज सापडलं. शनिवारपासून डोक्यात तेच घोळत होतं.

काम तसं साधं. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणून त्यातून सव्वा लाख शब्दांची यादी केली होती, छापील पानांच्या क्रमाने. प्रत्येक शब्दाची अक्षरं सुटी करणारा छोटा प्रोग्रॅम सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला. शब्द हातात घेतला की आधी त्याचा क्रमांक आणि तो शब्द छापायचा, फोड मग करायची. म्हणजे कुठे अडलं तर शेवटची ओळच सांगेल. सव्वा लाख ओळी पडद्यावर बघत बसण्यात अर्थ नव्हता, म्हणून सगळं आउटपुट एका फाइलीत वळवलं.

शनिवारी प्रोग्रॅम मध्येच कोसळला. सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅमने हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला आणि सिस्टिमने तो बंद पाडला. फाइल उघडली, शेवटची ओळ होती ४४१२ क्रमांकाची: 'आभा' आणि पुढे काळ्या शंकरपाळ्यात पांढरं प्रश्नचिन्ह, म्हणजे अक्षर तुटल्याची खूण. यादीत त्या जागी 'आभाळ' होता.

झालं, मी ळच्या मागे लागलो. वाटलं, व्यंजनांच्या तक्त्यात ळ घ्यायचा राहिला असणार. तक्त्यात ळ होता. एकटा 'आभाळ' देऊन पाहिला, तर आ, भा, ळ अशी नीट तीन अक्षरं मिळाली. आधीचे दहा शब्द दिले, तरी काही बिघडेना. रविवारची आणि कालची संध्याकाळ त्यातच गेली. डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम नेमका कुठे मेला ते दाखवणारं साधन, लावायला हवा होता. पण लॉग, म्हणजे ती नोंदींची फाइल, समोर होता आणि त्याच्या शेवटच्या ओळीवर माझा पूर्ण विश्वास होता.

आज जेवण झाल्यावर त्या तुटलेल्या अक्षराकडे पुन्हा बघत बसलो. प्रोग्रॅम अक्षराच्या मधोमध कसा मरेल? मी तर अख्खी ओळ सीच्या छापायच्या एकाच प्रिंटएफ आज्ञेने छापतो. फाइलीचा शेवट हेक्समध्ये, म्हणजे एकेक बाइट आकड्यांत उलगडून, पाहिला. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ळचे बाइट ई०, ए४, बी३. फाइलीत ई० होता, ए४ होता, बी३ नव्हता. मग फाइलीचा आकार पाहिला: १,१०,५९२ बाइट. ४०९६ ने भागलं, बरोबर २७ आले. बाकी शून्य.

तिथे लख्ख उजेड पडला.

प्रिंटएफ काही थेट फाइलीत लिहीत नाही. ते मजकूर आधी प्रोग्रॅमच्याच मेमरीतल्या एका बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, टाकतं. आमच्याकडचं वडाप, म्हणजे शेअर जीप, जसं सीटा भरल्याशिवाय स्टँडवरून हलत नाही, तसं फाइलीकडे जाणारं आउटपुट बफर भरल्याशिवाय निघत नाही. माझ्या मशीनवर ते बफर ४०९६ बाइटचं. भरलं की राइट हा एक सिस्टिम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला केलेली विनंती, होतो आणि सगळं एकदम कर्नलच्या, म्हणजे तिच्या गाभ्याच्या, हाती जातं. शब्द संपला की नाही, अक्षर पुरं झालं की नाही, हे बफर बघत नाही. ते बाइट मोजतं. सत्ताविसावी खेप ळच्या दोन बाइटांपाशी भरली आणि निघाली. उरलेला बी३ अठ्ठाविसाव्या खेपेत बसला. त्याच्यामागे आणखी कितीतरी ओळी येऊन बसल्या आणि ती खेप सुटायच्या आत प्रोग्रॅम मेला. नीट संपणारा प्रोग्रॅम जाताना बफर रिकामं करून जातो. सेगमेंटेशन फॉल्टने मेलेल्याला तेवढी सवड मिळत नाही.

म्हणजे 'आभाळ' कधीच पार पडला होता.

आउटपुट न वळवता तोच प्रोग्रॅम थेट टर्मिनलवर चालवला. टर्मिनल समोर असलं की हेच आउटपुट ओळीओळीने सुटतं. ओळी धो धो सरकल्या आणि थांबल्या. शेवटचा क्रमांक ४५३०. मी जिथे खणत होतो तिथून ११८ शब्द पुढे! आणि शब्द असा: ठिपक्यांच्या गोलावर पहिली वेलांटी, तिच्यामागे 'दवस'. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर यायला हवी आणि या 'दिवस'मध्ये रूपांतर करताना ती आधीच राहिली होती. माझा कोड मात्रा दिसली की तिचं व्यंजन शोधत मागे जातो. इथे मागे काहीच नव्हतं, तरी तो मागे जातच राहिला, पार मेमरीच्या हद्दीबाहेर.

राग कुणावर काढू? बफरवर तर नाहीच. माझी ओळ सरासरी पंचवीस बाइटची. प्रत्येक ओळ सुटी पाठवली असती तर सव्वा लाख सिस्टिम कॉल. बफरमुळे ते साडेसातशेच्या आसपास. सीची ही इनपुट-आउटपुट लायब्ररी बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकात घडली. तेव्हाच्या मशीनवर ही काटकसर किती मोलाची असेल! सीच्या १९८९ च्या अधिकृत प्रमाणकातही तोच विचार आहे: समोर माणूस बसलेला असेल तर स्टँडर्ड आउटपुट, म्हणजे प्रिंटएफ ज्यात लिहितं तो प्रवाह, पूर्ण बफर करायचं नाही, आणि चुकांसाठीचा वेगळा प्रवाह, स्टँडर्ड एरर, तो तर कधीच नाही. मला हा नियम फार समंजस वाटतो. माझा लॉग मी पहिल्यापासून स्टँडर्ड एररवर पाठवायला हवा होता.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला होता. तिचा पायथनचा प्रोग्रॅम सर्व्हरवर चालायचा, पण "मामा, लॉगमध्ये एक अक्षर दिसत नाही, आणि संपला की सगळं एकदम येतं." मी लगेच म्हटलं, पायथनला उणे यू दे, नाहीतर प्रिंटमध्ये फ्लश ट्रू लिही, म्हणजे आउटपुट बफरमध्ये अडणार नाही. तिचं काम दोन मिनिटांत झालं. तेच दुखणं माझ्या घरी आलं तेव्हा चेहरा निराळा होता: तिचं आउटपुट उशिरा येत होतं, माझं आलंच नाही. त्यामुळे ओळखू आलं नाही.

आता मेनच्या, म्हणजे मुख्य फंक्शनच्या, सुरुवातीला, पहिल्या प्रिंटएफच्या आधी, सेटव्हीबफ या आज्ञेने ओळीचं बफरिंग लावलं आहे: ओळ संपली की बफर रिकामं. मुद्दाम तो शब्द तसाच ठेवून पुन्हा फाइलीत चालवलं. शेवटची ओळ ४५३०, अख्खी. बफर तिथल्या तिथे रिकामं करणारं एफफ्लश हाताने जागोजागी टाकता आलं असतं, पण एखादी जागा राहून जाते. एवढं मात्र लिहून ठेवतो की यातलं काहीही केलं तरी मजकूर पोचतो कर्नलपर्यंतच. प्रोग्रॅम मेला तरी तिथून तो सुखरूप फाइलीत दिसतो. पण वीज गेली आणि डिस्कवर उतरला नसेल तर गेला. त्यासाठी एफसिंक, मजकूर डिस्कवर उतरवायला लावणारा कॉल. शब्दांच्या यादीला ते नको, पैशांच्या हिशेबाला हवंच.

झोपायच्या आधी वेलांटीने सुरू होणारे शब्द ग्रेप या शोधायच्या कमांडने मोजले. २१४ निघाले. मागे व्यंजन नसेल तर थांबायची अट कोडमध्ये घातली आहे. वेलांट्या उद्या जागेवर बसवायच्या, आधी 'दिवस'ची.