ना घरचा सामना, ना बाहेरचा: सिएटल स्टॉर्मचा २०२०चा हंगाम

सिएटलला एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला पुरुषांचा संघ होता, सुपरसॉनिक्स. तो २००८ साली ओक्लाहोमा सिटीला हलवला गेला आणि जुन्या सिएटलकरांची ती जखम अजून भरलेली नाही. तेव्हापासून या गावाचा व्यावसायिक बास्केटबॉल म्हणजे स्टॉर्म, महिलांचा संघ. डब्ल्यूएनबीए ही महिलांची लीग १९९७ पासून खेळली जाते आणि स्टॉर्म तिच्यात २००० साली आला. बेल्व्ह्यू, रेडमंड, बॉथेल या सिएटलच्या उपनगरांतली मराठी मुलं शाळेत बास्केटबॉल खेळतात, तेव्हा स्टॉर्मच्या सू बर्डचं नाव त्यांच्या तोंडी असतं. तिकडे भारतात आजोबांना मात्र ही सू बर्ड कोण ते ठाऊक नसतं. हा लेख त्या आजोबांसाठी.

२०२० साली या संघाला स्वतःचं मैदान नव्हतं, आणि याला करोना कारण नव्हता. कीअरीना हे त्यांचं जुनं सभागृह पुनर्बांधणीसाठी बंद होतं. १९६२ सालचं त्याचं छप्पर वारसा म्हणून जपायचं ठरलं, म्हणून ते टेकूंवर उचलून धरून खालचं सगळं खणून काढण्याचा अचाट उद्योग चालू होता. २०१९ मध्ये संघ घरचे काही सामने विद्यापीठाच्या सभागृहात आणि काही जवळच्या एव्हरेट गावात खेळला. त्यामुळे पुढच्या वर्षी करोनामुळे सगळ्याच संघांना घर सोडावं लागलं, तेव्हा स्टॉर्मचं बिऱ्हाड आधीपासूनच पाठीवर होतं.

मूळ वेळापत्रकानुसार हंगाम १५ मे रोजी सुरू होणार होता आणि प्रत्येक संघ ३६ सामने खेळणार होता. प्रत्यक्षात सुरुवात २५ जुलैला झाली, सामने उरले २२. हा आकडा हवेतून काढलेला नाही. लीगमध्ये १२ संघ, म्हणजे प्रत्येकाला ११ प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी दोनदा. एरवीच्या वेळापत्रकात काही संघांशी जास्त वेळा गाठ पडते आणि कुणाचा हंगाम सोपा, कुणाचा अवघड अशी कुरकुर चालते. त्या वर्षी ती सोय राहिली नाही. एकूण १३२ साखळी सामने ५१ दिवसांत उरकायचे होते, म्हणजे प्रत्येक संघाला साधारण दिवसाआड सामना. खेळाडूंना पगार मात्र पूर्ण मिळाला, सामने कमी झाले म्हणून कापला नाही. जानेवारी २०२०च्या नव्या करारानुसार सर्वाधिक पगार होता वर्षाला २,१५,००० डॉलर. एनबीएच्या आकड्यांशी तुलना न केलेलीच बरी.

सगळे सामने फ्लोरिडात ठेवले. ब्रेडन्टन गावातली आयएमजी अकादमी ही निवासी क्रीडाशाळा, टेनिसवाल्यांना ठाऊक असलेली. आगासी, सेलेस यांच्या काळातली निक बोलेटिएरींची टेनिस अकादमी ती हीच. तिथे राहायला घरं होती, सरावाला कोर्टं होती आणि कुंपण होतं, यातलं कुंपण सगळ्यांत महत्त्वाचं. जवळच फेल्ड एंटरटेनमेंटचं भलंमोठं केंद्र आहे, सर्कस आणि बर्फावरचे खेळ बसवणाऱ्या कंपनीचं. तिथेही सामने झाले आणि बाद फेरी तिथेच रंगली. एनबीएचा बबल, म्हणजे बाहेरच्या जगाशी संपर्क तोडलेली वसाहत, डिस्नेच्या आवारात होता, म्हणून बायकांच्या बबलला लोकांनी ‘वबल’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं.

आत शिरायची पद्धत सोपी होती आणि कडक होती. निघण्यापूर्वी आपापल्या गावी चाचण्या. २८ जून ते ५ जुलै या काळात तपासलेल्या १३७ खेळाडूंपैकी ७ जणी बाधित निघाल्या, त्यांना बरं होईपर्यंत घरीच थांबावं लागलं. इंडियाना संघाचं तर येणंच काही दिवस पुढे गेलं. ६ जुलैच्या सुमारास पोहोचल्यावर खोलीत विलगीकरण, रोज चाचणी, आणि निकाल स्वच्छ आल्यावरच सराव. त्यानंतरही चाचणी रोजचीच. लहान मुलं असलेल्या खेळाडूंना मुलांना आणि त्यांना सांभाळणाऱ्या माणसाला सोबत आणायची मुभा होती. हे दयाबुद्धीने झालं नव्हतं. बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार आणि मुलं असलेल्यांना दोन खोल्यांचं घर हे जानेवारीच्या करारातच खेळाडू संघटनेने मिळवलं होतं. पहिल्या दिवसांत काही घरांत किडे, कपडे धुण्याच्या खोलीत उंदराचा पिंजरा असे व्हिडिओ बाहेर आले आणि मग खोल्या बदलून दिल्या गेल्या. समुद्राजवळचा फ्लोरिडा, जुलै महिना आणि बरेच दिवस बंद असलेली घरं म्हटल्यावर कोकणात पावसाळ्यात बंद ठेवलेलं घर उघडणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही.

स्टॉर्मचं पहिलं नुकसान निघण्यापूर्वीच झालं. प्रशिक्षक डॅन ह्यूज साठीच्या पुढचे, आणि २०१९ मध्ये त्यांच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली. डॉक्टरांनी त्यांना परवानगी दिली नाही. सहायक गॅरी क्लोपेनबर्ग यांच्याकडे संघ आला.

दुसरीकडे, दोन मोठ्या खेळाडू परतत होत्या. ब्रियाना स्टुअर्ट २०१८ची सर्वोत्तम खेळाडू. एप्रिल २०१९ मध्ये हंगेरीत, रशियन क्लबकडून युरोलीगचा अंतिम सामना खेळताना तिची टाचेमागची अकिलीस शीर तुटली. (पगार कमी म्हणून हिवाळ्यात परदेशी खेळायचं आणि दुखापत घेऊन यायचं, हे या लीगचं जुनं दुखणं.) सू बर्डची गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि ऑक्टोबरमध्ये तिला ४० पूर्ण होणार होती. दोघींनीही २०१९चा हंगाम बाहेर बसून काढला होता.

आता दिवसाआड सामन्यांचा अर्थ पाहा. इथे सामना १० मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे ४० मिनिटांचा असतो. कोर्टवर पाच जणी, म्हणजे प्रत्येक सामन्याला खेळाडूंची २०० मिनिटं भरायची. संघात जास्तीत जास्त १२ जणी. पहिल्या पाच जणींनी ३५-३५ मिनिटं खेळायचं म्हटलं तर १७५ मिनिटं भरतात आणि बाकावरच्यांना उरतात फक्त २५. हे आठवड्यातून दोन सामन्यांना चालतं. दिवसाआड चार-पाच आठवडे केलं की घोटे, पोटऱ्या, मांड्यांचे मागचे स्नायू बोलायला लागतात. त्यात चार महिने घरी बसून झाल्यावर विलगीकरण आणि मग जेमतेम दोन आठवड्यांचा सराव. न्यूयॉर्कची सब्रिना आयोनेस्कू, त्या वर्षी सर्वांत आधी निवडली गेलेली नवोदित, तिसऱ्याच सामन्यात घोटा मुरगळून हंगामाबाहेर गेली.

स्टॉर्मने ती मिनिटं वाटून घेतली. बर्डच्या गुडघ्याच्या हाडाला मार बसला तेव्हा तिला ओढूनताणून खेळवलं नाही. २२ पैकी ११ सामने ती खेळली, इतर वेळी जॉर्डिन कॅनडाने चेंडू पुढे न्यायचं काम सांभाळलं. २०१९ मध्ये कॅनडाला तेच काम पूर्ण हंगाम करावं लागलं होतं, त्याचा फायदा असा वर्षभराने मिळाला. अलिशा क्लार्ककडे समोरच्या संघातली सगळ्यांत धोकादायक खेळाडू अडवायचं काम. गुणफलकावर हे दिसत नाही, सामना पाहावा लागतो. बाकावरून येणाऱ्या सॅमी व्हिटकम आणि एपिफनी प्रिन्स दुरून तीन गुणांचे फटके मारणाऱ्या, म्हणजे पहिल्या पाच बसल्या तरी प्रतिस्पर्ध्याला आत गर्दी करून चालत नसे. आमच्या मते विजेतेपद खरं इथे ठरलं. स्टुअर्टसारखी खेळाडू असेल तर कुणीही सामना जिंकेल. ५१ दिवस टिकायला आठवी-नववी खेळाडू लागते.

प्रवास गेला, हाही मोठा भाग. तेव्हा या लीगमध्ये संघांनी खास विमान करायला बंदी होती. सव्वासहा फुटी बायका आपल्यासारख्याच विमानतळावर रांगेत उभ्या राहायच्या. सिएटल देशाच्या वायव्य कोपऱ्यात, आणि कनेक्टिकटचा संघ अटलांटिकच्या बाजूला. एका दौऱ्यात तीन-तीन तासांचा वेळेतला फरक, बदली विमान, उशीर आणि दुसऱ्या दिवशी सामना. हे सगळं वबलमध्ये शून्यावर आलं, आणि सर्वांत दूरच्या संघाला त्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला असणार.

घरचं मैदान गेल्याने तक्त्यातल्या पहिल्या क्रमांकाची किंमतही उतरली. १३ सप्टेंबरला, साखळीच्या शेवटच्या दिवशी लास वेगास एसेसने स्टॉर्मला ८६-८४ हरवलं. दोघांचे १८ विजय, ४ पराभव. आपसातले दोन्ही सामने वेगासने जिंकलेले, म्हणून पहिला क्रमांक त्यांचा. एरवी याचा अर्थ अंतिम फेरीत निर्णायक सामना आपल्या प्रेक्षकांपुढे. इथे प्रेक्षकच नव्हते, कोर्ट तेच, आणि पहिल्या दोन्ही संघांना थेट उपांत्य फेरीत प्रवेश होता. म्हणजे जिंकून हाती आलं ते जवळजवळ फक्त कागदावरचं मानाचं पान.

खेळ सोडून जे झालं तेही सांगायला हवं. हा हंगाम ब्रिओना टेलर या पोलिसांच्या गोळीने मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय तरुणीला अर्पण केलेला होता. तिचं नाव प्रत्येकीच्या पाठीवर होतं. स्टॉर्म आणि न्यूयॉर्कच्या सलामीच्या सामन्यात राष्ट्रगीताच्या वेळी दोन्ही संघ कोर्ट सोडून आत गेले, नंतर २६ सेकंद शांत उभे राहिले, कारण ती २६ वर्षांची होती. २६ ऑगस्टला, जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय तरुणावर पोलिसांनी गोळ्या झाडल्यावर, सामनेच झाले नाहीत. दोन दिवसांनी खेळ पुन्हा सुरू झाला. आपल्याकडे ‘खेळात राजकारण नको’ म्हणणाऱ्यांना हे खटकेल, पण इथल्या खेळाडू संघटनेने बबलमध्ये यायला होकार देतानाच हा विषय पुढे ठेवला होता.

मग आली ती चाचणी. उपांत्य फेरीत मिनेसोटाविरुद्धचा पहिला सामना २० सप्टेंबरला होता. काही तास आधी कळलं की स्टॉर्मच्या काही खेळाडूंचे अहवाल ‘अनिर्णित’ आहेत. पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकांचे ठरावीक तुकडे शोधते. एक तुकडा सापडला आणि दुसरा नाही, किंवा खूण अगदी शेवटच्या आवर्तनांत पुसटशी उमटली, तर प्रयोगशाळा हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. नमुना नीट न घेणं, जुन्या संसर्गाचे अवशेष, प्रयोगशाळेतली किरकोळ मिसळ, यांपैकी काहीही कारण असू शकतं. उपाय एकच, पुन्हा नमुना आणि तोपर्यंत खोली. सामना पुढे ढकलला, नंतरचे अहवाल स्वच्छ आले आणि खेळ २२ सप्टेंबरला झाला. योगायोग असा की त्याच दिवशी शारजात पुण्याचा ऋतुराज गायकवाड आयपीएलमधला पहिला सामना खेळत होता, बाधित निघाल्याने लांबलेल्या विलगीकरणातून सुटून. तो शून्यावर बाद झाला. स्टॉर्मचं नशीब बरं निघालं: ८६-८६ अशा बरोबरीत स्टॉर्मच्या ज्युएल लॉइडचा फटका चुकला आणि घड्याळ संपता संपता क्लार्कने परतलेला चेंडू बास्केटमध्ये ढकलला. ८८-८६. पुढचे दोन सामने त्यांनी आरामात घेतले.

त्याच महिन्यात इथे सिएटलला वणव्यांचा धूर उतरला होता. करोनामुळे बाहेर जायचं नाही आणि धुरामुळे खिडकी उघडायची नाही. फ्लोरिडातला संध्याकाळी सातचा सामना इथे दुपारी चारला, ऑफिसच्या बैठकांच्या वेळी. पुण्यात तेव्हा दुसऱ्या दिवसाची पहाटेची साडेचार.

अंतिम फेरी वेगासशीच, पाचपैकी तीन जिंकायचे. वेगासकडे लिझ कँबेज वैद्यकीय कारणाने आलीच नव्हती, केल्सी प्लमची अकिलीस शीर हंगामापूर्वीच तुटलेली, आणि डिअरिका हॅम्बी उपांत्य फेरीत गुडघा दुखावून बसली. आजा विल्सन, त्या हंगामाची सर्वोत्तम खेळाडू, जवळपास एकटी लढत होती. त्यातून कनेक्टिकटशी त्यांची उपांत्य फेरी पाचव्या सामन्यापर्यंत लांबली, तर स्टॉर्म तीन सामन्यांत मोकळा होऊन पाय वर करून बसलेला. २ ऑक्टोबरच्या पहिल्या सामन्यात स्टुअर्टचे ३७ गुण आणि बर्डचे १६ असिस्ट, म्हणजे तिच्या हातून गेलेल्या १६ पासवर थेट बास्केट. अंतिम फेरीतला तो विक्रम होता. ९३-८०, मग १०४-९१, आणि ६ ऑक्टोबरला ९२-५९. पुन्हा स्टुअर्टच मालिकेची मानकरी. २००४, २०१०, २०१८ नंतर स्टॉर्मचं हे चौथं विजेतेपद, आणि चारही वेळा संघात सू बर्ड.

रिकाम्या खुर्च्यांपुढे वरून रंगीत कागदांचा पाऊस पडला, आणि पुढचा हंगाम पुन्हा एव्हरेटच्या भाड्याच्या सभागृहात गेला. टेकूवरचं ते छप्पर, आता क्लायमेट प्लेज अरीना या नावाने, स्टॉर्मच्या डोक्यावर आलं ते २०२२ मध्ये. बर्डचा तो शेवटचा हंगाम होता.