स्लॅबच्या चुन्याचे डाग आणि बोनेटवर अडलेलं कोटिंग

आधी मुद्द्याचं सांगतो. सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा पातळ, पारदर्शक संरक्षक थर) करून घेणार असाल, तर ‘कोटिंगची बाटली उघडण्याआधी बोनेट आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून उन्हात दाखवणे’ एवढी ओळ जॉब कार्डवर लिहून घ्या. तोंडी कबुलीवर जाऊ नका. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या, गाड्यांना पॉलिश-कोटिंग करणाऱ्या एका गाळ्यात दोन दिवसांसाठी दिलेली माझी गाडी पाच दिवस अडकली, ती नेमकी ही ओळ नव्हती म्हणून.

गाडी गडद निळी, चार वर्षं वापरलेली. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत पोडियमखाली उभी असते. वर बाग आहे. तिचं पाणी स्लॅबच्या भेगेतून झिरपून थेट बोनेटवर ठिबकतं. हे साधं पाणी नसतं, काँक्रीटमधला चुना त्यात विरघळलेला असतो. ओलं असताना ते चांगलंच आम्लारीधर्मी असतं आणि क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, चावतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतं. म्हणून हा डाग दोन मजली असतो. वर खडूसारखा पापुद्रा आणि त्याच्याखाली रंगात पडलेला खळगा.

पापुद्रा घरीही निघतो. पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं घ्यायचं, मायक्रोफायबर त्यात भिजवून डागावर दोन-तीन मिनिटं ठेवायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. वॉचमन किंवा गाडी धुणारे बाथरूमचं ॲसिड सुचवतात; ते अजिबात लावू देऊ नका, क्रोम आणि रबर दोन्ही जातात. कोरड्या कपड्याने घासणं त्याहून वाईट, कारण तो पापुद्राच खरकागदासारखा फिरतो.

खळगा मात्र व्हिनेगरने जात नाही. त्यासाठी आजूबाजूचा क्लिअर कोट पॉलिशने त्या पातळीपर्यंत खाली आणावा लागतो. गाळ्यातलं सगळं भांडण इथेच झालं.

फोम वॉश, क्ले (मातीसारख्या गोळ्याने रंगात रुतलेली घाण काढणं), टेपिंग (रबर आणि कडांवर चिकटपट्टी लावणं) व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘बोनेट तयार आहे, कोटिंग सुरू करतो’ असा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा ट्यूबलाइटखाली बोनेट आरशासारखं होतं. ट्यूबलाइटचा प्रकाश पसरट असतो, त्यात बारीक रेघा दिसतच नाहीत. शिवाय कंपाउंडमधलं (घासायच्या पॉलिशच्या पेस्टमधलं) तेल ओरखड्यांत आणि खळग्यांत भरून बसतं. मी आयपीएचा हात मारायला सांगितला. ‘सर, गरज नाही, उरलेलं कोटिंगमध्ये भरून जाईल,’ असं उत्तर मिळालं. हे साफ चूक आहे. कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा असतो, त्याने खळगा भरत नाही. उलट पारदर्शक झाकणाखाली तो पक्का होतो, आणि नंतर काढायचा तर आधी पैसे देऊन लावलेलं कोटिंगच घासून काढावं लागतं. तेल राहिलं तर कोटिंगची पकडही कच्ची राहते.

पुसायला तासभर हुज्जत घालावी लागली. एक भाग आयपीए, तीन भाग डिस्टिल्ड वॉटर. पुसून गाडी गाळ्याबाहेर उन्हात घेतली, तर अकरा गोल डाग जसेच्या तसे, आणि त्यांच्याभोवती रोटरी पॉलिश मशिनने उठवलेल्या होलोग्रामच्या लाटा (उन्हात चमकणाऱ्या, मशिन फिरल्याच्या खुणा). ‘हे पुन्हा करायचं तर वेगळा चार्ज’ म्हणून पुढचा दीड दिवस गाडी तशीच पडून. त्या दीड दिवसाचा राग अजून आहे. काम अवघड होतं म्हणून मुळीच नाही. डाग असताना ‘बोनेट तयार आहे’ असं मला सांगितलं म्हणून.

मशिन पुन्हा लावण्याआधी पेंट गेजने (रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राने) मोजायला लावा, हे माझ्याही उशिरा लक्षात आलं. बोनेटवर ११२ ते ११८ मायक्रॉन आले. कंपनीचा रंग साधारण १०० ते १३० मध्ये असतो, त्यात क्लिअर कोट जेमतेम ४० च्या आसपास. गेज सगळ्या थरांची बेरीज दाखवतो, एकट्या क्लिअर कोटची नाही, त्यामुळे हात राखूनच ठेवायचा. बोनेटच्या मधोमध दीड फुटाच्या चौकोनात टेस्ट स्पॉट घेतला. आधी फिनिशिंग पॅड, त्याने डाग हलले नाहीत. मग ड्युअल ॲक्शन (फिरता फिरता डोलणाऱ्या) मशिनवर मीडियम पॅड आणि मध्यम कंपाउंड. अकरापैकी नऊ गेले. उरलेले दोन खोल होते, तिथे मीच थांबवलं. ठरावीक कोनातूनच दिसणाऱ्या दोन डागांसाठी क्लिअर कोट पातळ करणं मला पटत नाही.

गेजने आणखी एक गोष्ट दाखवली: डावा पुढचा दरवाजा २४०, म्हणजे पुन्हा रंगवलेला. अशा दरवाजावर पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावू नका. काढताना रंग सोलून येऊ शकतो. पीपीएफ १५० ते २०० मायक्रॉनची असते, दगडाचा टवका तीच अडवते, कोटिंग नाही. दोन्ही हवं असेल तर फिल्म आधी, कोटिंग तिच्यावर.

काचांवरचा चुना व्हिनेगरने गेला, राहिलेली छाया सेरियम ऑक्साइडने, पॅड सतत ओलं आणि मशिन कमी वेगावर ठेवून. एकाच जागी रेंगाळलात तर काच तापते आणि समोरचं वाकडं दिसू लागतं. त्यानंतर वायपरची रबरं बदला. जुनी रबरं काचेवरच्या वॉटर रिपेलंटवर (पाणी टिकू न देणाऱ्या लेपावर) थरथरतात.

काचांवर काळ्या फिल्मसाठी आग्रह झाला, मी नाही म्हटलं. नियम समोर आणि मागे किमान ७० टक्के, बाजूला किमान ५० टक्के प्रकाश पार जाण्याचा. गाळेवाले फक्त फिल्मचा आकडा सांगतात, पण काच आणि फिल्मचा गुणाकार होतो: ७० ची काच आणि ७० ची फिल्म म्हणजे ४९.

आणि हो, गाडी घरी आणण्याआधी पार्किंगचा बंदोबस्त करा. कोटिंग लावल्यावर पहिला दिवस पाणी नको, आठवडाभर शॅम्पू नको. सोसायटीचं वॉटरप्रूफिंग होईपर्यंत मी भेगेखाली पीव्हीसीचा उतरता पत्रा टांगलाय, पाणी नळीने गटारात जातं. कव्हर घालू नका. चुन्याचं पाणी त्यातून झिरपतं आणि कव्हरखालची धूळ रंगावर घासते.

गाडी ताब्यात घेताना टप आणि दरवाजांच्या वरच्या कडा टॉर्चने तिरक्या बघा. कोटिंग नीट पुसलं गेलं नसेल तिथे इंद्रधनुषी किंवा काळपट पट्टा दिसतो. ताजा असताना तो त्याच कोटिंगचा हलका हात देऊन पुसला की जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मशिन लागतं.