मार्खा खोऱ्यातले पाच दिवस आणि चिलिंगचा एक डाव

लेह शहरात पोहोचलं की आपण सुमारे ३,५०० मीटरवर उभे असतो, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर. आम्ही सहाही जण दर आठवड्याला सह्याद्रीत भटकणारे. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी 'नुसते बसून काय करायचं' म्हणत शांती स्तूपाच्या पायऱ्या चढून आलो. रात्री तिघांची डोकी ठणकत होती आणि जेवण कुणालाच गेलं नाही. सह्याद्रीतला दम इथे उपयोगी पडत नाही, उलट तोच अंगाशी येतो. पहिला दिवस अक्षरशः लोळून काढा. पाणी, सूप, झोप, एवढंच. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची की नाही, ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते त्यांना आवर्जून सांगा.

विरळ हवेची सवय होण्यासाठी पुढचे दोन दिवस हातात होते. आमच्या आयोजकांनी त्यात आठ मठ कोंबले होते. गाइडने ती यादी पाहिली, हसला आणि पाच नावं खोडली. उरले शे, ठिकसे आणि आलची. पुढे कळलं की त्याने नेमकी निवड केली होती.

शेच्या राजवाड्यात सुमारे १२ मीटर उंचीची, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची बुद्धमूर्ती आहे. सतराव्या शतकातली. ती घडवायला नेपाळहून कारागीर आणले होते आणि त्यांच्यातले काही इथेच राहिले, चिलिंग नावाच्या गावात. आमचा ट्रेक चिलिंगवरूनच जाणार होता. आलची सिंधूकाठी, लेहपेक्षा खाली, म्हणून शरीरालाही सोपं. तिथली सुमारे आठशे वर्षांपूर्वीची काश्मिरी शैलीतली भित्तिचित्रं अंधाऱ्या खोल्यांत आहेत आणि फोटो काढायला मनाई आहे. छोटी विजेरी न्या, आणि मूर्तीच्या धोतरावर रंगवलेली चिमुकली माणसं, घोडे, देवळं निवांत बघा. आम्ही एका धोतरापाशी अर्धा तास उभे होतो.

त्यानंतर जांस्कर नदीच्या कडेने चिलिंगला पोहोचलो. एका घराच्या ओसरीवर म्हातारे काका पितळेच्या डावाच्या दांड्यावर छिन्नीने नक्षी काढत बसले होते. हातोडीचा ठोका इतका हलका, की आवाजापेक्षा लय जास्त ऐकू यावी. त्याच नेपाळी कारागिरांचे वंशज. मला तो डाव हवा होता, पण पाठीवर आधीच अकरा किलो होते. परतीच्या वेळी बघू म्हटलं.

स्क्यू गावापर्यंत गाडीने गेलो. तिथून मार्खा गाव वीसेक किलोमीटर, चढ बेताचा, पण सावली नाही. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता, जवाची कापणी चालली होती. वाटेत लांबलचक मणी भिंती लागतात, मंत्र कोरलेले दगड रचलेल्या. त्या आपल्या उजव्या हाताला ठेवून जायचं, देवळातल्या प्रदक्षिणेसारखं. एक-दोन ठिकाणी प्रवाह ओलांडावा लागतो. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं, तेव्हा पहाटे निघा आणि पट्ट्याच्या चपला हाताशी ठेवा. अनवाणी उतरू नका, पाण्याखालचे दगड गोटे होऊन बसलेले असतात.

तंबूपेक्षा होमस्टे घ्या, असं माझं स्पष्ट मत. माणशी एका रात्रीच्या दरात जेवण, न्याहारी आणि दुपारची शिदोरी येते. पैसे रोख लागतात, आणि एटीएम मागे लेहमध्येच राहतं. मार्खातल्या आमच्या घरी स्वयंपाकघर हीच बैठकीची खोली होती. भिंतभर फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी ओळीने लावलेली. मी एका पातेल्याकडे टक लावून बघतोय म्हटल्यावर घरच्या अमालेंनी, म्हणजे आईंनी, ते खाली काढून हातात दिलं. म्हणाल्या, "चिलिंग." हुंड्याबिंड्याचा विषय असेल असं मला वाटलं, पण गाइड म्हणाला, आजेसासूबाईंचं आहे.

लोणी-मिठाचा गुरगुर चहा पहिल्यांदा चहा म्हणून प्यायलात तर तोंड वाकडं होईल. सूप समजून प्या, आवडेल. वाटी खाली गेली की लगेच भरली जाते. इथला आग्रह आपल्याकडच्या पंगतीला हरवेल. नको असेल तर भरलेली वाटी तशीच ठेवा आणि निघताना संपवा. सकाळच्या शिदोरीत खंबीर नावाची जाड रोटी असते. तिसऱ्या दिवशी नाव सार्थ होतं.

संडास कोरडे असतात. भोकात पाणी ओतायचं नाही, फावड्याने माती लोटायची. त्याचंच पुढे जवाच्या शेताला खत होतं. पाण्याची सवय असलेल्या आपल्या मंडळींनी टिश्यूची तयारी ठेवावी.

मार्खाच्या पुढच्या हंकर गावाहून निमालिंग एका दिवसात करू नका. आम्ही केलं. मध्ये थाचुंगत्से नावाचा सपाट मुक्काम आहे, तो एक दिवस वाचवायला वगळला होता. झोपायची उंची एकदम आठशे मीटरने वाढली. रात्री ४,८०० मीटरवर एका सोबत्याला उलटी झाली, पाय लटपटायला लागले. गाइड रात्रभर त्याच्या शेजारी बसून होता. पहाटेपर्यंत सुधारला नसता तर घोड्यावरून खाली नेणार होता, त्यात चर्चा नव्हती. सुदैवाने तो सावरला, पण त्या रात्री वाचवलेल्या दिवसाचा हिशेब कुणीच काढला नाही.

निमालिंग हे उन्हाळी कुरण. कांग यात्सेचं बर्फाळ शिखर समोर, दगडी गोठ्यांभोवती मेंढ्या, याक, आणि बिळाबाहेर उभं राहून शिट्या मारणारे मारमोट. पहाटे ओढ्याच्या कडेला बर्फाची कड धरलेली. तिथून कोंगमारू ला ही खिंड दोन तासांत गाठली. तीन कळसूबाया एकावर एक रचल्या तरी खिंड वरच राहते. पताकांपाशी फोटो काढून दहा मिनिटांत निघालो, वारा बसू देत नव्हता. पलीकडची उतरण दीड हजार मीटरची, जांभळ्या-हिरव्या खडकांच्या घळीतून, ओढा सतत इकडून तिकडे ओलांडत. गुडघ्यांसाठी दोन काठ्या हव्यातच. उतरण संपते त्या शांग सुमदोला गाडी आधीच सांगून ठेवा. इतर राज्यांतलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, आणि खोऱ्यात तर पोस्टपेडवरही भिस्त ठेवू नका.

हेमिस मठ परतीच्या वाटेलगतच आहे, म्हणून तो शेवटी ठेवा. धुळीने माखलेले आम्ही त्या मोठ्या अंगणात पायऱ्यांवर बसलो, बूट काढले आणि तासभर कुणी बोललं नाही.

चिलिंगला परत जाणं झालं नाही. लेहच्या बाजारात तसाच एक डाव मिळाला, दुकानदार शपथेवर सांगत होता चिलिंगचाच म्हणून. दांड्यावरची नक्षी जरा घाईची वाटते. आमटी मात्र छान वाढता येते.